केदुगू ते माली-व्हिल: सेनेगल-गिनीच्या सीमेवरून मोटरसायकलने आणि पायी कसं जायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही आणि तुमचा मावसभाऊ, दोघांनी लडाख-स्पिती बुलेटवर केलंय, सह्याद्रीत ट्रेक चालूच असतात, आणि आता डिसेंबर-जानेवारीत सेनेगलमधल्या केदुगूहून गिनीतल्या फुटा जालोनच्या डोंगरात चढायचंय. बाइक तिथेच भाड्याने घेऊन स्वतः चालवायची, मधला कडा पायी करायचा आणि वेळ उरला तर पुढे सिएरा लिओन. हे जमेल का, धोका किती, तयारी काय करायची.

जमेल. रूट छान निवडलाय आणि सीझनही बरोबर आहे. फक्त एक गोष्ट बदला, बाइक स्वतः चालवायचा विचार सोडून द्या आणि चालवणाऱ्यासकट बाइक घ्या. माझं बाकीचं बरंचसं उत्तर या एका मुद्द्याभोवतीच आहे. मी दुचाकी दुरुस्तीचं ट्रेनिंग द्यायच्या कामाने बरीच वर्षं या पट्ट्यात फिरतोय, गिनीतलं लाबे शहर आणि केदुगू इथल्या गॅरेजांमध्ये बसून काम केलंय आणि तिथल्या पोरांच्या मागे बसून हा रस्ता केलाय, त्यामुळे सांगतोय ते ऐकीव नाही.

आधी जागा नीट समजून घ्या. डाकारहून केदुगू साधारण ७०० किलोमीटर, रस्ता डांबरी, तांबाकुंदाच्या पुढे तो नियोकोलो-कोबा नॅशनल पार्कच्या आतून जातो, बस मिळते किंवा सात सीटची जुनी शेअर टॅक्सी मिळते. केदुगू म्हणजे गॅम्बिया नदीच्या काठचं गरम, धुळीचं आणि सोन्यामुळे झपाट्याने वाढलेलं गाव, उंची २०० मीटरच्याही खाली. तिथून दक्षिणेला गेलं की फुटा जालोनचा उत्तरेकडचा कडा आडवा येतो, आणि त्या कड्यावर, आणखी बरंच वर, गिनीतलं माली हे गाव आहे, जवळपास १४०० मीटरवर. शेजारचा लूरा डोंगर १५०० च्या वर जातो, अख्ख्या फुटा जालोनमधला सगळ्यात उंच तोच. म्हणजे केदुगू ते माली अंतर जेमतेम १२० किलोमीटर पण चढ १२०० मीटरचा, आणि रस्ता असा की सगळं सुरळीत झालं तर पूर्ण दिवस, नाहीतर वाटेत मुक्काम. वर पोचल्यावर जे मोठे सपाट कातळ लागतात त्यांना तिथे बोवल म्हणतात, रत्नागिरीच्या सड्यांवर फिरला असाल तर लगेच ओळखीचे वाटतील कारण दगड तोच, जांभा, पावसाळ्यात त्यावर गवत आणि पाणी आणि डिसेंबरनंतर सगळं करपलेलं.

आणि हो, या गावाचं नाव सगळीकडे माली-व्हिल किंवा माली-येंबेरिंग असं पूर्ण सांगा आणि लिहा. नुसतं माली म्हटलं की समोरच्याला माली देश वाटतो, ट्रॅव्हल इन्शुरन्सवाल्यांना तर हमखास वाटतो, आणि माली देशात जाणार म्हटल्यावर पॉलिसी मिळत नाही किंवा क्लेम अडकतो. इन्शुरन्सच्या फॉर्मवर गिनी, लाबे विभाग असं स्पष्ट लिहा.

आता बाइक. या भागात तुम्हाला दिसणारी निम्मी बाइक आपल्या ओळखीची असेल, बजाज बॉक्सर आणि टीव्हीएस. पुण्याच्या कंपनीची बॉक्सर आपल्याकडे रस्त्यावर आता फारशी दिसत नाही पण पश्चिम आफ्रिकेत ती माणसं, तांदळाची पोती, बकऱ्या, पत्रे सगळं वाहते. साधं कार्बोरेटरचं इंजिन, किक आहे, मागे लोखंडी कॅरियर वेल्ड करून घेतलेला, आणि कुठल्याही बऱ्या गावात तिची क्लच प्लेट, केबल, चेन मिळते, म्हणून लोक तिच्यावर भरवसा ठेवतात. मोठी ॲडव्हेंचर बाइक घेऊन आलेल्या परदेशी लोकांना मी एका लेव्हरसाठी कोनाक्रीहून, म्हणजे गिनीच्या राजधानीहून, पार्ट यायची वाट बघत लाब्यात अडकलेलं बघितलंय, बॉक्सरवाल्याचं असं होत नाही.

मग स्वतः का नाही चालवायची? पहिलं म्हणजे रस्ता. बोर्ड नाहीत, एका वाटेच्या चार वाटा होतात, पावसाळ्यात एक वाहून गेली की लोक शेजारून नवीन पाडतात, फोनच्या मॅपवर जुनीच दिसत राहते. यंदा कुठली फाटा-वाट चालू आहे हे रोज जाणाऱ्यालाच माहीत असतं. दुसरं म्हणजे लडाखच्या बुलेटचा अनुभव इथे फार उपयोगी पडत नाही. बुलेट जड, खालच्या गिअरमध्ये ओढणारी, इथे हलकी १००-१५० सीसीची बाइक सुट्या दगडांवरून उभ्या चढाला लावायची असते, मागे बॅग बांधलेली, पुढचं चाक हलकं झालेलं. तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कागद. सेनेगलमध्ये रजिस्टर झालेली दुसऱ्याची बाइक तुम्ही परदेशी माणूस गिनीत घेऊन गेलात तर कस्टमचा प्रश्न येतो, विम्याचा येतो, आणि अपघात झाला, एखादं पोर किंवा बकरी आडवी आली, तर गावात तुमच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं. रायडर बरोबर असला की तोच बोलतो, तो त्या गावातल्या कोणाचा तरी भाचा किंवा जावई निघतोच. स्वतःची बाइक भारतातून किंवा युरोपातून घेऊन येणाऱ्यांचं वेगळं असतं, त्यांनी कार्ने, म्हणजे बाइक तात्पुरती दुसऱ्या देशात न्यायचा कस्टमचा कागद, आणि इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेचं ब्राउन कार्ड म्हणजे तिथला सगळ्या देशांत चालणारा थर्ड पार्टी विमा काढायचा, तुमच्या प्लॅनमध्ये ते बसत नाही.

दोघांसाठी दोन बाइक आणि दोन रायडर घ्या. एका बाइकवर तिघं बसवून स्वस्तात न्यायची ऑफर नक्की येईल, घेऊ नका. ठरवताना फक्त भाडं ठरवू नका, पेट्रोल कोणाचं, वाटेत मुक्काम पडला तर रायडरचं जेवण-झोपणं कोणाचं, बाइक बिघडली तर काय, चौकीवर त्याच्या बाइकचे पैसे मागितले तर कोण देणार आणि परतीचं रिकामं अंतर धरलंय की नाही, हे सगळं निघायच्या आदल्या संध्याकाळी बसून बोला, शक्य असेल तर ज्या लॉजवर राहताय त्याच्या मालकासमोर. भाडं अर्धं आधी आणि अर्धं पोचल्यावर.

निघायच्या आधी बाइक तुम्ही स्वतः तपासा, तेवढं बुलेटवाल्याला येतंच. मागच्या टायरची नक्षी, स्पोक हाताने वाजवून बघा, एखादा ढिला असेल तर आवाज वेगळा येतो, चेनचा ढिलेपणा, आणि दोन्ही ब्रेक. ब्रेक ड्रमचे असतात आणि लांब उतारावर तापून सैल पडतात. रायडरकडे एक्स्ट्रा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, प्लग, क्लच केबल आणि थोडी तार आहे का बघा, नसेल तर केदुगूच्या बाजारातून तुम्हीच घेऊन द्या, फार पैसे लागत नाहीत आणि त्याला ते नंतरही उपयोगी पडतं. लाल धुळीने एअर फिल्टर एका दिवसात भरतो, संध्याकाळी काढून झटकायला सांगा. पेट्रोल केदुगूतच टाकी भरून घ्या. पुढे ते रस्त्याकडेला लिटरच्या बाटल्यांमधून मिळतं, ती बाटली ओतायच्या आधी उजेडात धरून थोडी थांबायची, पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो, आणि ओतताना फडक्यातून गाळून घ्यायचं. हे रायडर घाईत करत नाहीत, तुम्ही करून घ्या.

चढणीवर काय होतं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. कड्याच्या पायथ्यापर्यंत ठीक असतं, वाळू, थोडे ओढे, लाकडाचे ओंडके टाकून केलेले पूल. पूल आला की उतरायचं, तुम्ही आधी चालत जायचं, रायडर मागून बाइक आणतो. मग दगडी चढ सुरू होतो. रायडर थांबतो, मागे न बघता हाताने उतरा असं खुणावतो, चप्पल काढून बॅगेच्या दोरीत अडकवतो, बरेच जण असंच करतात, आणि पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून दोन्ही पाय दगडांवर टेकवत बाइक चालवत-ढकलत नेतो. इंजिनाचा आवाज खूप वर जातो पण वेग माणसाच्या चालीएवढाच. मध्येच मागचं चाक घसरतं, दगड उडतात, तेव्हा तुम्ही थेट मागे उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. बाइक थांबली की पहिलं काम मागच्या चाकाखाली दगड लावायचा, ते तुम्ही करू शकता आणि केलंत तर त्याला बरं वाटतं. मग इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्यायचं, त्याने नको म्हटलं तरी, कारण जळलेल्या क्लच प्लेटचा वास यायला लागला की पुढचा सगळा दिवस संपला.

सायलेन्सर उजव्या बाजूला असतो, त्यामुळे चढायचं-उतरायचं कायम डाव्या बाजूने. पोटरीवर सायलेन्सरचा चटका ही इथल्या प्रवाशांची सगळ्यात कॉमन जखम आहे, आणि या हवेत, धुळीत ती लवकर भरत नाही, चिघळते. जाड फुल पँट घाला, घोट्याच्या वर येणारे बूट घाला, आणि हेल्मेट भारतातून स्वतःच्या मापाचं घेऊन जा. तिथे रायडरकडे एक्स्ट्रा हेल्मेट बहुतेक नसतंच.

आता शिक्के. याकडे मी लोकांना सगळ्यात जास्त लक्ष द्यायला सांगतो. इथे सेनेगलमधून निघाल्याचा आणि गिनीत आल्याचा शिक्का सीमेच्या रेषेवर एकमेकांशेजारी मिळेल असं धरून चालू नका. केदुगूत पोलिसांकडे जायचं, सेगूच्या (सेनेगलच्या बाजूचं, सीमेजवळचं गाव) वाटेने माली-व्हिलला चाललोय असं सांगायचं आणि एक्झिटचा शिक्का इथेच मारायचा की पुढच्या चौकीत ते विचारून घ्यायचं. वर गिनीच्या बाजूला पहिल्या चौकीत वहीत नाव लिहून घेतलं तरी तेवढ्यावर समाधान मानू नका, पासपोर्टवर शिक्का पडलाय का बघा, नसेल तर माली-व्हिलला पोचल्या पोचल्या, हॉटेल शोधायच्याही आधी, पोलिसांकडे जाऊन तो मारून घ्या. गिनीचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, त्याच्या तीन-चार प्रिंट ठेवा, जमिनीवरच्या छोट्या चौकीत तो फोनवर दाखवून भागत नाही. सेनेगलच्या व्हिसाचा नियम भारतीय पासपोर्टसाठी सध्या काय आहे ते तिकीट काढायच्या आधी त्यांच्या दिल्लीतल्या दूतावासाकडून पक्कं करून घ्या.

यात एक गोम आहे. तुमच्या रायडरला शिक्का लागत नाही. इकोवासच्या देशांमध्ये १९७९ पासून एकमेकांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय ये-जा करायचा करार आहे, तो ओळखपत्र दाखवून, किंवा तेही न दाखवता, मामाकडे जावं तसा पलीकडे जातो. त्यामुळे जवळची वाट असेल तर तो चौकी टाळून त्या वाटेने नेईल, त्यात त्याचा काही वाईट हेतू नसतो, त्याच्या डोक्यातच ते येत नाही. तुम्ही मात्र एंट्रीच्या शिक्क्याशिवाय कोनाक्रीच्या एअरपोर्टवर उभे राहिलात तर ते प्रकरण एका दिवसात मिटत नाही. म्हणून निघतानाच त्याला सांगा, प्रत्येक चौकीवर थांबायचं.

चौकीवर कसं वागायचं तेही महत्त्वाचं. दोरी बांधलेली दिसली की लांबूनच वेग कमी, बाइकवरून उतरायचं, हेल्मेट आणि गॉगल काढायचा, आणि आधी नमस्कार-चमत्कार. पुलारमध्ये, म्हणजे तिथल्या फुला लोकांच्या भाषेत, ओन जारामा म्हणा, समोरून तना अला तोन असं येईल, जम तुन म्हणायचं, मग घरचे कसे, काम कसं चाललंय, प्रवास कसा झाला, हे सगळं झाल्याशिवाय पासपोर्ट पुढे करू नका. आपल्याला वाटतं वेळ जातोय, पण हे न करता कागद पुढे केला की समोरच्याला तो उद्धटपणा वाटतो. पैसे मागितले तर आवाज न चढवता पावती मागा, हसून बसून राहा, घाई नाही हे दिसू द्या, रायडरला बोलू द्या. चौकीचा, पुलाचा, युनिफॉर्मवाल्यांचा फोटो अजिबात काढायचा नाही. थोडं फ्रेंच शिकून या, आकडे, दिशा, तब्येत आणि कागदपत्रांपुरतं तरी, इंग्रजी इथे जवळजवळ कामाला येत नाही.

इथली माणसं अनोळखी माणसाला एवढं बारकाईने का विचारतात ते कळायला थोडा इतिहास माहीत असलेला बरा. ही रेषा फ्रेंचांच्या काळात दोन फ्रेंच वसाहतींमधली होती, लोकांना तिचा फारसा त्रास नव्हता. २८ सप्टेंबर १९५८ च्या सार्वमतात गिनीने फ्रान्सला नाही म्हटलं, २ ऑक्टोबरला स्वतंत्र झाला, १९६० मध्ये स्वतःचं चलन काढलं आणि मग ही खरी सीमा झाली. पहिले राष्ट्राध्यक्ष सेकू तुरेंच्या राजवटीत, ती १९८४ पर्यंत चालली, फुटा जालोनमधली पुष्कळ फुला माणसं सेनेगलमध्ये पळून गेली. आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले महासचिव दियालो तेली याच फुटामधले, त्यांचा १९७७ मध्ये कोनाक्रीच्या बोइरो छावणीत कैदेत असताना अंत झाला. त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच घरातली माणसं आहेत, आणि म्हाताऱ्या माणसांना वाटेवरचा अनोळखी माणूस कोण, कोणाकडे आलाय, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. मला या सवयीचा कधी राग आला नाही, उलट या सवयीमुळेच तुम्ही तिथे सुरक्षित असता. राजकारणावर तुम्ही होऊन बोलू नका, ते बोलले तर ऐका.

पायी भागाचं सांगतो. तुमच्यासारख्या सह्याद्रीत फिरणाऱ्यांना चढ म्हणून तो कठीण नाही, उन्हाने आणि पाण्याने कठीण आहे. केदुगूहून पस्तीसेक किलोमीटरवर डिंदेफेलो आहे, तिथे गावाने चालवलेला मुक्काम आहे, १०० मीटरच्या आसपासचा धबधबा आहे, डिसेंबरात पाणी चांगलं असतं. पहिले दोन दिवस तिथे घालवा, वरच्या डांदे गावापर्यंत गावातला वाटाड्या घेऊन चढून या, तिथे धबधब्याचं मूळ आणि कड्यातल्या गुहा आहेत, त्यात तुमची उन्हाची सवयही होईल. हा कडा पश्चिम आफ्रिकी चिंपांझींचा आहे, ती जात २०१६ पासून अतिशय धोक्यात असलेल्यांच्या यादीत आहे, दिसले तर नशीब, पण आवाजाच्या मागे पळू नका आणि सर्दी-खोकला असेल तर त्या बाजूला जाऊच नका, आपली सर्दी त्यांना मारू शकते. पश्चिमेला साधारण दिवसाच्या अंतरावर बासारी आणि बेदिक लोकांची डोंगरावरची गावं आहेत, हा सगळा भाग २०१२ पासून जागतिक वारसा आहे, वेळ असेल तर सिएरा लिओनऐवजी मी तिकडे जाईन.

सीमा ओलांडायला मात्र डिंदेफेलोच्या वरची वाट घेऊ नका, सेगूकडून जा, कारण चौक्या त्या वाटेवर. मी लोकांना सुचवतो ते असं: बॅगा बाइकवर रस्त्याने जाऊ दे, तुम्ही वाटाड्याबरोबर पायवाटांनी चाला, आणि ठरलेल्या गावात भेटा. सेगूहून माली-व्हिल पूर्ण चालत जायचं तर दोन ते तीन दिवस धरा, पण कड्याचा भाग चालून वरच्या गावातून बाइक घेतली तरी मजा तीच. पहाटे निघा, साडेदहा-अकराच्या आत मोठा चढ संपवा. आठवडी बाजाराच्या, तिथे त्याला लुमो म्हणतात, आदल्या दिवशी निघालात तर वाटेवर सोबत मिळते, बायका डोक्यावर संत्र्यांच्या, ॲव्होकॅडोच्या टोपल्या घेऊन उतरत असतात आणि वर साखर, साबण, मीठ चढत असतं. बाजाराचा वार केदुगूत विचारून घ्या आणि प्लॅन त्या वाराला जुळवा. रायडरसुद्धा त्या दिवशी जास्त असतात, परतीचं भाडं मिळत असल्यामुळे तुम्हालाही स्वस्त पडतं.

गावात मुक्काम करायचा तर आधी गावच्या मुख्याकडे जायचं. केदुगूच्या बाजारातून कोला नट, म्हणजे तिथे मानाने देतात आणि चघळतात ती कडवट फळं, घेऊन ठेवा, कागदात नाही तर ज्या पानात गुंडाळून देतात त्यातच ठेवा, सुकत नाहीत. ते दोन्ही हातांनी द्यायचे, कुठून आलो, कुठे चाललो ते सांगायचं, मग झोपायची जागा आपोआप ठरते. सकाळी निघताना घरच्या बाईच्या किंवा मुख्याच्या हातात पैसे ठेवा, जेवण-राहण्याचे म्हणून, मुलांना गोळ्या-पेनं वाटत सुटू नका. सगळा भाग मुसलमान आहे, नमाजाच्या वेळी रायडर थांबेल, तुम्हीही शांत बसा, हाफ पँटवर गावात फिरू नका.

तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय. उपाशी राहणार नाही, पण विचारून खा. पानांचा जो रस्सा असतो, हाको, त्यात सुका मासा बहुतेक असतोच, दिसला नाही तरी असतो. शेंगदाण्याचा रस्सा भाताबरोबर किंवा फोनिओ नावाच्या बारीक भरड धान्याबरोबर मिळतो, त्यातही मटणाचे तुकडे काढून वाढतील, चालत असेल तर ठीक. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे लाचिरी-कोसम, मक्याचा बारीक रवा वाफवून त्यावर आंबट दूध, मला दहीभातापेक्षाही आवडतं, शिवाय पाव, चवळी, ॲव्होकॅडो, संत्री, केळी. घरून मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्या, मोकळ्या फोनिओवर दोन्ही सुंदर लागतात.

पाणी गाळणीने गाळून वर क्लोरीनची गोळी. रोज माणशी चार लिटरपेक्षा कमी घेऊन चढू नका. ओआरएसची पाकिटं भरपूर. डिसेंबर-जानेवारीत खाली दुपारी भाजतं आणि माली-व्हिलला रात्री खरोखर थंडी वाजते, स्वेटर आणि पातळ स्लीपिंग बॅग हवीच. हरमाटनचे, म्हणजे सहाराकडून येणारे कोरडे, वारे चालू असले की हवा धुळीने पांढरी होते, घसा आणि नाक कोरडं पडतं, तोंडावर बांधायला सुती उपरणं ठेवा.

मलेरिया इथे बाराही महिने आहे आणि फॅल्सिपेरम जातीचा, जीव घेणारा. क्लोरोक्विन चालत नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन, कुठलं ते डॉक्टरला विचारून, तिकडे असताना आणि परत आल्यावर जितके दिवस सांगितलंय तितके दिवस घ्यायचं. ताप आला की त्याच दिवशी टेस्ट, उद्या बघू असं नाही. बरोबर रॅपिड टेस्ट किट ठेवा, आणि उपचाराच्या गोळ्यांचा एक कोर्सही डॉक्टरकडून लिहून घ्या, कारण कड्यावरून बऱ्या दवाखान्यापर्यंत पोचायला दिवस जाऊ शकतो. रात्री टॉर्चशिवाय झोपडीबाहेर पाऊल टाकायचं नाही, सापांसाठी. वटवाघळं, माकडं, शिकारीचं मांस यांना हात लावायचा नाही.

पैशाचं पटकन. सेनेगलमध्ये सीएफए फ्रँक, तो युरोला बांधलेला आहे, गिनीत गिनी फ्रँक, साधारण शंभर फ्रँक म्हणजे आपला एक रुपया, त्यामुळे नोटांचा गठ्ठा होतो, सगळ्यात मोठी नोट २०,००० ची. युरोच्या नोटा न्या, केदुगूत थोडे गिनी फ्रँक करून घ्या, कार्डचा विचार लाब्यापर्यंत करू नका. पैसे दोघांनी तीन-चार ठिकाणी विभागून ठेवा.

सुरक्षिततेचं तुम्ही दोनदा विचारलंय. केदुगू-सेगू-माली-लाबे या वाटेवर मला काळजी वाटते ती अपघाताची आणि मलेरियाची, माणसांची कमी. पण केदुगूच्या पूर्वेला जाऊ नका. तिकडे सोन्याच्या हाताने खणायच्या खाणी आहेत, रोख पैसा आहे, लुटालूट होते, आणि पलीकडे माली देशाचा कायस प्रांत आहे जिथे जुलै २०२५ मध्ये कायस शहरावर आणि सेनेगलला लागून असलेल्या दिबोलीवर जिहादी गटांनी हल्ले केले. केदुगूत पोचल्यावर तिथल्या लोकांना ताजी परिस्थिती विचारा, जेवढं ते सांगतील तेवढं इंटरनेटवर नाही. अंधारात प्रवास कुठेच नाही, नियोकोलो-कोबाच्या रस्त्यावरसुद्धा, रात्रीचे ट्रक आणि आडवी येणारी जनावरं फार. निवडणुकांच्या आसपास जाऊ नका, सप्टेंबर २०२० मध्ये गिनीने निवडणुकीआधी सेनेगलची सीमा बंद केली ती जवळजवळ वर्षभर बंद राहिली, कितीतरी लोकांची घरं दोन बाजूंना अडकली. डाकार आणि कोनाक्री दोन्हीकडे आपले दूतावास आहेत, दोन्हींना मेल करून तारखा कळवून ठेवा.

सिएरा लिओनचं म्हणाल तर तुमच्या चार आठवड्यांत ते कोंबू नका असं माझं मत. तरीही जायचं असेल तर गिनीतल्या किंदियाहून मदिना-उला आणि पुढे सिएरा लिओनमधलं कामाक्वी अशी वाट आहे, तीही बाइकचीच, पलीकडे उतरल्यावर टॅक्सी-बाइकला ओकाडा म्हणतात आणि इंग्रजीतून निघालेली क्रिओ भाषा बोलतात, इंग्रजी येत असल्यामुळे तुम्हाला एकदम सोपं वाटेल. ग्वेकेदू-कोइंदू-फोया हा तीन देशांचा कोपरा, जिथे २०१३ च्या डिसेंबरात मेलियांदू गावातून इबोलाची मोठी साथ सुरू झाली, तो पहिल्या प्रवासात नको. तिथली किस्सी माणसं तिन्ही देशांत पसरलेली आहेत, फार प्रेमळ आहेत, पण दवाखाने लांब आहेत आणि तापाच्या माणसाकडे त्या भागात अजूनही भीतीने बघतात. त्यासाठी वेगळा, निवांत वेळ काढा.

आणि यलो फीव्हरची लस आत्ताच घ्या. सरकारमान्य केंद्रावरच मिळते, नंबर लावावा लागतो, कधी कधी साठा नसतो, आणि सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, पुढे आयुष्यभर चालतं. ते पिवळं कार्ड जाताना बघतात आणि परत मुंबईला उतरताना तर नक्की बघतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. मूळ कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, फोटो दोघांच्याही फोनमध्ये. परत आल्यावर पुढचे काही महिने कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी पश्चिम आफ्रिकेतून आलोय, मलेरियाची टेस्ट करा, कारण इथे डेंगीच्या सीझनमध्ये आधी डेंगीच बघितला जातो आणि त्यात दोन दिवस जातात.

रायडर ठरवायला केदुगूत पोचल्यावर एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, आणि नेमक्या तारखा ठरल्या की मला कळवा, त्या आठवड्यात बाजार कुठल्या वारी आहे आणि वरचा रस्ता कसा आहे हे तिथल्या गॅरेजवाल्यांना फोन करून विचारून सांगतो.